सातांचो पायलट

डिचोलीच्या स्टँडवर आमच्या बाबांना
'सातांचो पायलट' म्हणतात.
सात वाजले की पिवळी-काळी बुलेट सर्वणच्या वाटेला वळते,
मग तुम्ही दुप्पट भाडं द्या नाहीतर हात जोडा.
कुणी म्हणतं देवचाराला भितो.
कुणी म्हणतं हुर्राक.
आई म्हणते, माझ्यासाठी येतात लवकर.

आज रविवार, आणि बॅटरी पुन्हा झोपलेली.
दर चवथीला आमच्याकडे गणपतीसोबत नवी बॅटरी येते,
वर्ष काही काढत नाही.
कायतान मेस्त्री म्हणाला, गाडी म्हातारी झाली, वीक.
मी आयटीआयतला मीटर काढला.
"तो घरच्या वायरिंगचा," बाबा म्हणाले,
"बुलेटला तो कळायचा नाही."

इंजिन बंद: बारा पूर्णांक तीन. ठीक.
किक मारली, रेस दिली.
बारा पूर्णांक तीन.
चौदाच्या आसपास जायला हवं, जात नाही.
हेडलाईटवरचा अँपिअरचा काटा
मधोमध थरथरतो,
दिवा लावला की सरळ डावीकडे आडवा.
"तो तसाच," बाबा म्हणाले. "त्याची सवय आहे."

अल्टरनेटरच्या तारा सोडवल्या, मीटर एसीवर.
रेस वाढवली तसे आकडे चढले,
म्हणजे वीज होतेय. रोज होतेय.
रेक्टिफायर एका बाजूने जाऊ देतो, दुसऱ्या बाजूने अडवतो,
त्याचं डोकं ठिकाणावर आहे.
फ्यूज बरा. जोडण्यांत खाणीची लाल धूळ,
ती पेट्रोलने धुतली.
बारा पूर्णांक तीन.
जेवायला हाक आली. हात धुतले,
तरी आमटीला पेट्रोलचा वास.

मग इंजिन चालू ठेवून
एक टोक बॅटरीच्या मायनसला,
एक रेक्टिफायरच्या अंगाला.
इथे शून्यच यायला हवं.
आलं एक पूर्णांक आठ.

बोल्ट खोलला.
खाली पिवळा रंग.

पायलटचं परमिट मिळालं त्या वर्षी
मडगार्ड रंगवून डब्यात रंग उरला,
पेंटरला फेकवेना,
त्याने आतली पट्टीही रंगवून दिली. फुकट.
वर बोल्ट आवळला.
मी म्हटलं, बाबा, गाडीला एकोणीस वर्षं अर्थ मिळत नव्हता.
ते म्हणाले, मराठीत सांग.

एकदाच ते रात्री गेले होते,
पुतू गावसच्या बायकोला कळा सुटल्या तेव्हा, जीपवाल्याला उठवायला.
मागे पुतू, त्याच्या हातात तीन सेलांचा टॉर्च,
बाबांच्या खांद्यावरून पुढे धरलेला.
पुतूचा हात कापायचा तसा रस्ता कापायचा.
आम्ही पोट धरून हसायचो या गोष्टीला.
टॉर्च कशाला, हे मात्र कुणी विचारलं नाही.
दिवा लागत नाही असं स्टँडवर कळलं असतं
तर दिवसाचं गिऱ्हाईकही दुसऱ्याच्या मागे बसलं असतं.

पॉलिश पेपरने घासलं. लोखंड उघडं पडलं,
एका रुपयाएवढं.
बोल्ट आवळला, किक मारली.
चौदा पूर्णांक एक.
भर दुपारी दिवा लावला,
विहिरीच्या कठड्यावर फिकट गोल पडला
आणि काटा मधल्या रेघेच्या उजवीकडेच राहिला.
बाबा वाकून बघत बसले.
नखाने काचेवर टिचकी मारली, काटा खोटं बोलतोय का म्हणून.

आई दारातून म्हणाली,
"म्हणजे माझ्यासाठी नव्हतं तर."
बाबांनी दिवा बंद केला.
"आतां स्टँडार लोकांक कितें सांगूं?"

सोमवारी सात वाजून दहा मिनिटांनी
गाडी अंगणात आली.
दिवा लावलेला होता.
गरज नव्हती, माडांवर अजून उजेड होता.